चावडीम्होरं मॅटाडोर

गुरुवार, १२ ऑक्टोबर १९७८
पिंपरी ते भोसरी. किलोमीटर नऊ.

ही वही कोंडीराममामाची. सत्तावीस वर्षं कंपनीची शिफ्टची बस चालवली म्हनून निरोपाला एक शाल, एक घडीची खुर्ची आन ही डायरी मिळाली. मामा म्हनला, "इल्या, गाडीचं लॉगबुक ठेव. कुठनं निघालो, कुठं थांबलो, किती किलोमीटर. फालतूपना लिहायचा न्हाई." मामाला जवळचं दिसत न्हाई आन चतुरामामीला वाचता येत न्हाई. म्हनजे फालतूपनाच लिहिनार.

मी विलास. दहावीला दोनदा बसलो, दोनदा उठलो. मग वर्कशॉपात लागलो. तिथं जेवनाच्या भोंग्याचा आवाज तोंडानं असा हुबेहूब काढला की अख्खं शॉप वीस मिनिटं आधी डबे उघडून बसलं. सुपरवायझर बी. मला काढलं. तवापासनं मामाकडंच हाय. मामा-मामीला पोरबाळ न्हाई, आन माझ्यासारखं बघितल्यावर बरंच झालं म्हनत असतील.

आता गाडीचं. मामानं लिलावात जुनी मॅटाडोर घेतली. आतल्या सीटा काढून फळ्या ठोकल्या, वर गाद्या. स्टो, पान्याचा पिंप, खिडक्यांना मामीच्या जुन्या लुगड्याचे पडदे. चाकावरचं घर. रिटायर झाल्यावर दोघांनी निवांत फिरायचं, जिथं दिवस मावळंल तिथं झोपायचं, असं त्यांचं ठरलेलं.

शेजारची शालनबाई म्हनाली, "म्हातारपनी लोक घरात बसत्यात, तुमी घर घेऊन निघाला."

मामी म्हनाली, "मग काय झालं? तुज्या घराला चाकं असती तर तू बी गेली असतीस. तुजा नवरा ढकलून बी सुरू व्हत न्हाई."

मामीची एकच अट. बाकी कुठं बी न्या, पर खडकमाळच्या चावडीम्होरं गाडी लावायची आन एक रात झोपायचं. खडकमाळ तिचं माहेर, चाकनच्या पुढं फाट्यावरनं आत. मी मामाला विचारलं, चावडीम्होरंच का? मामा म्हनला, "ल्हानपनी आपल्या लोकांना तिथं बसू देत न्हवते." मी म्हनलो, आता कोन अडवतंय? मामा म्हनला, "तू पाना दे."

आन एक गंमत करून ठेवलीय, कुनाला ठाव न्हाई. ही गाडी आधी कुटुंब नियोजनाच्या प्रचाराची व्हती. दोन्ही अंगाला हा मोठा लाल त्रिकोन. दोन वर्षांमागं ही गाडी लांबनं दिसली तरी मानसं नसबंदीच्या भ्यानं रानात पळायची. रंग मारायचं काम माझ्याकडं. डाव्या अंगाला निळा ऑइलपेंट मारला, तीन हात. उजव्या त्रिकोनावर नुसता चुना, वर जरा नीळ. पहिला पाऊस पडला की त्रिकोन उघडा! मामाचं तोंड बघन्यासारखं व्हईल.

शुक्रवार, १३ ऑक्टोबर
भोसरी ते मोशी. किलोमीटर सात.

मामा ताशी वीसनं चालवतो. सायकलवाला दूधवाला पुढं जातो, वर मागं बघून हसतो.

सकाळी भोसरीत मामाच्या पायानं आपोआप ब्रेक दाबला. जुना स्टॉप! दार उघडलं, तर डबे घेऊन दोन कामगार आत येऊन गादीवर बसले. एक म्हनला, "कोंडीरामदादा, नवी बस चांगली हाय, गादी दिली कंपनीनं." मामी स्टोवर चा करत व्हती. तिनं त्यांना बी दिला. चा पिऊन झाल्यावर दुसऱ्याला शंका आली, "दादा, तुमी रिटायर झालाव ना?" मामानं दोघांना गेटपर्यंत सोडलं. टायमावर.

शनिवार, १४ ऑक्टोबर
मोशी ते चाकन. किलोमीटर बारा.

चाकनचा कांद्याचा बाजार. ट्रक, बैलगाड्या, पोती, डोळ्याला धार. मी एका आडत्याच्या गादीखाली कुजका कांदा सरकवला आन लांबनं बघत बसलो. तीन मानसं एकमेकांकडं संशयानं बघून उठून गेली.

तिथं मामीला तिची भावजय भेटली, सरूबाई. मामीच्या मेलेल्या भावाची बायको. कांदा निवडायच्या कामाला आलेली. मामी तिला बघून हसतच गेली. दोघी पोत्याच्या थप्पीमागं अर्धा तास बोलल्या. मला लांबनं एवढंच दिसलं की सरूबाई हात जोडत व्हती. मामी आली ती हसत न्हवती. मी म्हनलो, "काय म्हनत्यात माहेरची?"

"कांदा महागलाय म्हनती."

सोमवार, १६ ऑक्टोबर
चाकन ते खडकमाळ फाटा. परत चाकन. किलोमीटर सोळा, सगळे फुकट.

फाट्यावर मामानं गाडी वळवली तशी मामी म्हनाली, "थांबा. लसून ऱ्हायला."

लसनासाठी आठ किलोमीटर माघारी! मामानं गाडी फिरवली. मी म्हनलो, "मामी, खडकमाळात लसून मिळत न्हाई का?"

"तुला लई जीभ हाय. ती घाल फोडनीत."

लसून घेतला. पिंपामागं बघितलं तर आधीची जुडी हायेच. मामी विसरायला लागली. वय झालं.

गुरुवार, १९ ऑक्टोबर
राजगुरुनगर, मंचर, जुन्नर. किलोमीटर लिहायचे ऱ्हायले.

चार दिवस मजा. राजगुरुनगरला भीमेच्या काठाला दोन रात्री. मामा दिवसभर पान्यात पाय सोडून बसला. आयुष्यात पहिल्यांदा बाजूच्या खिडकीतनं झाडं बघतोय म्हनला, आजवर नुसता रस्ताच बघितला. मामीनं काठावर चूल मांडली, भाकरी आन सुकटाची चटनी. पोलीस आला, "इथं काय चाललंय?" मामी म्हनाली, "संसार. बसा." बसला. तीन भाकरी खाल्ल्या.

जुन्नरला लेनी बघितली. दगडात कोरलेल्या खोल्या, आत दगडाचेच ओटे, भिक्खू झोपायचे ते. मामी एका ओट्यावर हात फिरवत बसली. मग म्हनाली, "इल्या, दोन हजार वर्षं झाली म्हनत्यात. आपल्याला कुनी सांगितलंच न्हाई, की असले बी ओटे हायेत."

येताना परत खडकमाळ फाटा. मामानं वेग कमी केला, मामीकडं बघितलं. मामी म्हनाली, "आज नको. माजं डोकं दुखतंय." फाटा मागं गेल्यावर डोकं बरं झालं.

मी मामाला हळूच म्हनलो, "मामी भ्याली का काय?"

मामा म्हनला, "स्वतासाठी न्हाई भ्याली ती कदी." मग कुनासाठी, ते सांगितलं न्हाई. मामाकडनं काय काढायचं म्हनजे बोल्ट गंजलेला असतो.

शनिवार, २१ ऑक्टोबर
चाकन. किलोमीटर शून्य.

पाऊस. दोन तास धो धो. मेलो.

उजव्या अंगाचा चुना वघळून गेला. त्रिकोन असा लाल, जसा आज सकाळीच काढलाय. मामा-मामी आत झोपलेले. मी मामीची गोधडी वाळत घालायच्या निमित्तानं त्या अंगाला खिडकीत अडकवून खाली सोडली, टोकं फळीला बांधली. झाकलं. मामा उठून म्हनला, "गोधडी बाहेर कशाला?" म्हनलो, "वास येतोय." मामीनं माझ्याकडं असं बघितलं.

सांगायचं व्हतं. तोंडापर्यंत आलं व्हतं. तेवढ्यात मामी म्हनाली, "उद्या खडकमाळला जायाचं. आता लसून न्हाई, डोकं न्हाई, काय न्हाई. मी वाटेत थांबा म्हनले तरी थांबू नका."

मग कसं सांगनार?

रविवार, २२ ऑक्टोबर
चाकन ते खडकमाळ. किलोमीटर तेरा.

आज लई लिहायचंय.

मामीनं निळ्या काठाचं लुगडं नेसलं, केसाला तेल. फाटा आला. "थांबा," म्हनाली. मामा थांबला न्हाई. "अहो, थांबा म्हनते ना!" मामा म्हनला, "कालची ऑर्डर वेगळी हाय." मामी हसली आन पदर खोचून नीट बसली.

वेशीपाशी खड्डा. गाडी आदळली, वारं आलं, गोधडी गेली. मी आरशात बघितलं, गोधडी बाभळीवर लटकलेली. म्हनलो, जाऊदे, आता काय व्हईल ते व्हईल.

चार वाजले असतील. चावडीम्होरं पिंपळाखाली दहाबारा मानसं पत्ते खेळत व्हती, ओट्यावर म्हातारी मंडळी, पोरं गोट्या खेळत. मामानं गाडी वळवली ती उजवं अंग त्यांच्याकडं करून. मी डोळे मिटले.

कुनीतरी वरडलं, "आलीऽऽ!"

डोळे उघडले तर चौक रिकामा. पत्ते जमिनीवर, एक जळती बिडी, एक चप्पल. दारं धडाधड लागली. कुत्रं तेवढं ऱ्हायलं.

मामी खाली उतरली. घडीची खुर्ची मांडली, बसली. चारी बाजूला बघितलं. "कुटं गेली सगळी?" म्हनाली. आवाज असा झाला, जसा जत्रा संपल्यावर पोचलेल्या पोरीचा व्हतो. "मी आले म्हनून दारं लावली व्हय? अजून?"

मला ते ऐकवलं न्हाई. मामा तोवर गाडीला फेरी मारून आला व्हता. फकस्त म्हनला, "इल्या."

मी सगळं सांगितलं. चुना, नीळ, गोधडी, सगळं. मामाचा हात उठला. मामी म्हनाली, "थांबा. त्याला मारून मानसं परत येत्यात का?" मग माझ्याकडं वळली. "तुझी गंमत झाली का?"

"झाली."

"आता माझी करायची. जा, दारं वाजव. सांग, हौसाची लेक चतुरा आलीय. सगळ्यांना बाहेर काढ. मी मोकळ्या चौकात बसायला न्हाई आले. त्यांच्या देखत बसायचंय."

पहिलं दार वाजवलं. "आमी नसबंदीवाले न्हाई हो!"

आतनं आवाज, "मागच्या टायमाला बी असंच म्हनले व्हते."

दुसऱ्या दाराला म्हनलो, "अहो, माझंच लगीन व्हायचंय, मी तुमचं काय करनार?" तिथं एक बाई हसली, तिनं फट उघडली. मग पोरं आली, पोरांमागं बाया. पुरुष सगळ्यात शेवटी. गावचे जुने पाटील, अण्णासाहेब, सापडले कांद्याच्या वखारीत, पोत्यांमागं, डोक्याला पाती लागलेली.

"अण्णासाहेब, वय काय तुमचं?"

"चौसष्ट पुरी."

"मग तुमी कशाला लपला?"

"सरकारचा काय भरवसा?"

तर असं गाव गोळा झालं. फसलो म्हनून चिडलेलं. अण्णासाहेबांनी मामीकडं निरखून बघितलं. "तू चतुरी ना? हौसाची?"

"चतुराबाई."

अण्णासाहेबांचा पोरगा साहेबराव सरपंच हाय. टेरिलिनची प्यांट, गोड बोलनारा. म्हनला, "मावशी, आलात, आनंद झाला. आता जमाना पयल्यासारखा न्हाई. तुमच्या वस्तीवर विहार झाला, नळ दिला. तिकडं गाडी लावा, झकास जागा हाय."

मामी म्हनाली, "झकास हाय तर तुमी जावा की झोपायला."

मागनं कुनीतरी फिसकन हसलं. साहेबराव म्हनला, "इथं वाहन लावायला बंदी हाय." त्याचाच ट्रॅक्टर तिथं उभा. मी म्हनलो, "मग ह्याला काय बैल समजायचं का?"

गरम व्हायला लागलं. दोघंतिघं पुढं सरकले. तसा मामा मधी आला, हात वर करून म्हनला, "भाऊ, वाद कशाला? गाडी बंद पडलीय. सकाळी मिस्त्री आनतो, नीट झाली की जातो." साहेबराव लगेच, "मग हरकत न्हाई. बंद पडली तर काय करनार, मानुसकी हाय."

मिटलं व्हतं. खरंच मिटलं व्हतं.

मामी खुर्चीतनं उठली. "न्हाई पडली बंद. चालू हाय. अहो, दावा चालू करून."

मामा म्हनला, "चतुरा..."

"दावा म्हनते ना."

मामा चढला. किल्ली फिरवली. एका झटक्यात इंजिन लागलं, एरवी तीनदा खोकतं ते. मामानं दोनदा रेस दिली आन बंद केलं. खाली उतरून मामीशेजारी उभा ऱ्हायला.

"ऐकलं?" मामी म्हनाली. "चांगली चालती. तरी मी इथंच थांबनार. मी आठ वर्षांची व्हते, बाप चावडीवर सांगावा घेऊन आलेला, त्याची वाट बघता बघता मला ह्या ओट्यावर झोप लागली. अण्णासाहेब, तुमच्या वडलांनी काठीनं ढोसून उठवलं. आन तुमी घागर आनून ओटा धुतला. मी बघत व्हते."

अण्णासाहेब म्हनले, "मला काय आठवत न्हाई बाबा."

"माझ्या ध्यानात हाय. दोघांच्या वाटचं एकटीनं ठेवलंय."

तेवढ्यात गर्दीच्या कडेनं वस्तीवरची मानसं आलेली दिसली. सरूबाई पुढं आली, डोळ्यांत पानी. "वन्सं, चाकनला हात जोडून सांगितलं व्हतं, नगा येऊ. तुमी सकाळी जाल. मला ह्यांच्याच रानात खुरपायला जायाचंय. माझ्या पोराला ह्यांच्याच दुकानातनं बाजार आनायचाय."

तवा मला कळलं, लसून आन डोकेदुखी काय व्हती.

मामीचा चेहरा एकदम उतरला. एवढ्या वेळात पहिल्यांदा. ती सरूबाईला म्हनाली, "तू म्हन. तू म्हनलीस तर आत्ता गाडी काढते. तुज्या डोक्यावर पाय देऊन मला झोपायचं न्हाई."

सगळी सरूबाईकडं बघायला लागली. त्या बाईकडं आजवर एवढी मानसं एकदम बघितली नसतील. आन हितं साहेबरावनं माती खाल्ली. हसून म्हनला, "शहानी हाय आमची सरू. तिला आपली जागा ठाव हाय."

सरूबाईनं डोळे पुसले. त्याच्याकडं बघितलं, मामीकडं बघितलं, आन पाठ फिरवून वस्तीकडं चालती झाली. साहेबराव म्हनला, "झालं. मिळालं उत्तर."

मामा किल्ली घेऊन दाराशी गेला. मामीनं खुर्ची मिटली.

तवर सरूबाई परत आली. काखेत वाकळ, डोक्यावर उशी. गर्दीतनं सरळ गाडीच्या पायरीपाशी आली आन म्हनाली, "वन्सं, आत सरका. मला बी जागा करा. खिडकीकडं मी झोपनार."

सोमवार, २३ ऑक्टोबर
खडकमाळ. किलोमीटर शून्य.

हे गाडीच्या पायरीवर बसून लिहितोय. मी आन मामा खाली ताडपत्रीवर झोपलो. कुनी काय केलं न्हाई. वस्तीवरची चारपाच पोरं बी येऊन आमच्याशेजारी आडवी झाली.

सहाला अण्णासाहेब आले, तांब्या घेऊन निघालेले. "उठल्या का?"

"न्हाई."

सातला साहेबरावनं गडी धाडला. "सरूबाईला खुरपनीला बोलावलंय."

"झोपल्यात."

"सूर्य वर आला!"

"त्याला शिफ्ट हाय. ह्यांना न्हाई."

मामा खुर्चीत बसून आरशात दाढी करत व्हता. फेस गालाला तसाच ठेवून म्हनला, "सत्तावीस वर्षं साडेतीनला उठली ती, माझ्या डब्यासाठी. एक दिवस चुकली न्हाई." परत वस्तरा चालवायला लागला. कापलं त्यानं, सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा असंल.

आठला साहेबराव स्वता आला. "ग्रामपंचायतीची मीटिंग हाय दहाला. गाडी काढा."

मी म्हनलो, "घ्या की मीटिंग. हळू आवाजात घ्या."

तो रागानं दाराकडं निघाला. मी उठलो न्हाई, नुसता पाय पसरून पायरी अडवली. मामा दाढीचा फेस तसाच घेऊन माझ्याशेजारी येऊन बसला. वस्तीवरची पोरं बी उठून आली. कालची ती दाराची फट उघडनारी बाई, वरच्या आळीची, डोक्यावर घागर घेऊन चालली व्हती. ती थांबली आन म्हनाली, "झोपू द्या की सरपंच. बायामानसांना कुटं रोज मिळती झोप?" साहेबरावला त्या पोरांना बोलता आलं असतं. ती पडली वरच्या आळीची. गेला.

नऊ वाजले. पिंपळाखाली पत्तेवाले येऊन बसले, पर पत्ते पिसत न्हाईत. आवाज व्हतो म्हनून का मामीला भिऊन, ठाव न्हाई. अण्णासाहेब तिसऱ्यांदा येऊन ओट्यावर बसलेत, गाडीकडं बघत.

सव्वादहा. मीटिंगची मानसं ओट्यावर जमलीत, आतनं दोघींचं घोरनं ऐकत बसलीत. एकीचं जाडं, एकीचं बारीक. मामीला हाक मारू का म्हनून मामाला विचारलं. मामा म्हनला, "कुनाची हिंमत हाय ती मारू दे."

मी पाय आनखी पसरले. कुनी उठवून दाखवावं.